घोंगडी पाठीवर घ्यावी का? मुक्कामाच्या ट्रेकसाठी अनुभव

धागा सुरू करतोय, जुळे सोलापूर

थंडी पडली की एकच प्रश्न येतो: गडावर मुक्कामाला पांघरूण काय न्यायचं? आपल्याकडे घरात चादर हाताशी असते, म्हणून तीच सॅकमध्ये जाते. पण सोलापुरी चादर सुती. दवाने ओली झाली की अंगाला गार चिकटते आणि उन्हं वर येईपर्यंत वाळत नाही. सोलापुरात डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा साधारण १५ च्या आसपास असतो, तेवढ्याला ती पुरते. हरिश्चंद्रगडावर किंवा राजगडावर नाही पुरत. घोंगडी लोकरीची आणि आपल्याच जिल्ह्यात मिळणारी. ज्यांनी ती खरोखर वापरली आहे त्यांनी लिहा. किस्से नकोत, वजन, माप, कुठे चुकतं आणि का, धुवायची कशी, एवढं सांगा.

गडांवर गट नेणारा

आधी तराजू. हातमागाची पूर्ण घोंगडी साधारण ४ फूट रुंद, ९ फूट लांब. वजन २ ते अडीच किलो, जाड असेल तर ३ पर्यंत. गडावरच्या थंडीला पुरणारी साधी सिंथेटिक स्लीपिंग बॅग सव्वा ते दीड किलोत मिळते आणि दाबून लहान होते. घोंगडी दबत नाही. सॅकमध्ये कोंबली तर निम्मी जागा तिचीच होते, म्हणून ती बाहेरच बांधायची.

६० किलोच्या माणसाने १२ ते १५ किलोपेक्षा जास्त ओझं घेऊन चढू नये. त्यात ३ लिटर पाणी म्हणजे ३ किलो गेलेच. मार्चनंतर गडावरची टाकी आटतात, तेव्हा पाणी वाढवावं लागतं. त्या महिन्यांत घोंगडी घरी ठेवा, एक लिटर पाणी जास्त घ्या. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, एका रात्रीचा मुक्काम, चढ दोन-तीन तासांचा असेल तर घोंगडी बिनधास्त न्या.

बांधायची पद्धत: लांबीला तिहेरी घडी घाला, रुंदीकडून घट्ट गुंडाळा, वरून खताच्या गोणीतला आतला प्लास्टिक कागद गुंडाळा आणि नवारीच्या दोन पट्ट्यांनी सॅकच्या खालच्या बाजूला आवळा. वर बांधली तर चढावर तोल मागे जातो. सुतळी वापरू नका, ती लोकरीत रुतते आणि ओली झाली की गाठ सुटत नाही.

सांगोल्याकडून, घरात माग आहे

वजनाआधी एक पाहा, ती खरी लोकर आहे का? घोंगडी म्हणून विकलं जाणारं बरंचसं कापड ॲक्रिलिक मिसळलेलं असतं. पानिपतकडची यंत्रावरची काही ब्लँकेटं जुने लोकरी कपडे पिंजून काढलेल्या धाग्याची असतात. त्यात तंतू आखूड राहतो, म्हणून ती लवकर झडतात आणि विरतात.

कडेचा एक धागा उपसा आणि चिमट्यात धरून पेटवा. लोकर केस जळल्याच्या वासाने जळते, ज्योत बाजूला नेली की विझते, आणि मागे राहिलेली काळी राख बोटांत चुरगळते. ॲक्रिलिक वितळतं आणि कडक मणी उरतो. कागदासारखा भुरुभुरु जळला तर तो सुती.

दख्खनी मेंढीची लोकर जाड आणि राठ असते. म्हणून ती टोचते आणि म्हणूनच टिकते. कोकराच्या पहिल्या कातरणीची लोकर म्हणजे जावळ. जावळाची घोंगडी मऊ आणि हलकी असते, पण महाग, आणि रोज दगडावर अंथरायच्या कामाची नाही. ट्रेकला साधी काळी घ्या. काळा रंग मेंढीचाच हवा. ओलं पांढरं फडकं घासून पाहा. रंग उतरला तर रंगवलेली आहे.

आता नवीन घोंगडी घेणाऱ्यांची नेहमीची चूक. विणताना ताण्याच्या, म्हणजे उभ्या धाग्याला चिंचोक्याची खळ देतात, म्हणजे धागा मागावर तुटत नाही. त्या खळीमुळे नवी घोंगडी पुठ्ठ्यासारखी कडक लागते. तशीच दवात किंवा पावसात नेली की खळ सुटते, चिकट होते आणि आंबूस वास मारते. घरी उंदीरही त्या खळीसाठीच कुरतडतात. म्हणून आणल्यावर आधी गार पाण्यात रात्रभर भिजत घाला, दुसऱ्या दिवशी पाणी बदलून दोन-तीनदा खळबळा आणि पाणी नितळ येईपर्यंत काढा. मग ती अंगाभोवती वळते. पंढरपूरच्या बाजारात घेतलीत तरी हे करावंच लागतं.

मेंढरामागं फिरणाऱ्या घरातला

ताईंनी खळीचं बराबर सांगितलं. पावसाचं मी सांगतो. घोंगडं लांबीला निम्मं दुमडायचं. दुमड पाठीवर येईल असं धरायचं. वरच्या कडंला, दुमडीपासनं वीतभर, दाभणानं चार टाकं घालायचं. झाली खोळ. टोक डोक्यावर येतं, बाकीचं पाठीवर. बुरबुरीला लई चांगलं, पाणी वरच्या केसावरनं निथळतं. पण मुसळधारेत तास-दीड तासात आत येतंय. भिजल्यावर पिळलं तरी कोरड्याच्या दीडपट जड राहतं. भर पावसात रेनकोटच घ्या आणि घोंगडं प्लास्टिकात ठेवा.

उजनीकाठी सायकलवर मुक्काम करणारा

पाणवठ्याजवळ पहाटे दव खूप पडतं, आणि तिथे लोकरीची खरी किंमत कळते. लोकर आपल्या वजनाच्या ३० टक्क्यांपर्यंत बाष्प धरते तरी हाताला ओली लागत नाही, आणि बाष्प शोषताना थोडी उष्णता सोडते. तंतू कुरळा आणि ताठ असल्याने ओला झाला तरी त्यातल्या हवेच्या पोकळ्या सुती कापडासारख्या बसत नाहीत. ऊब त्या हवेचीच असते.

म्हणूनच अंगाखालची घोंगडी फारशी ऊब देत नाही. आपल्या वजनाने ती दबते, हवा निघून जाते आणि जमीन अंगातली उष्णता ओढते. ‘घोंगडी नेली तरी थंडी वाजली’ म्हणणारे बहुतेक थेट कातळावर किंवा देवळाच्या फरशीवर झोपलेले असतात. खाली १० मिमी फोमची मॅट हवीच, ती अर्ध्या किलोच्या आत येते.

पांघरायचं असं: मॅटवर घोंगडी लांबीने पसरा, निम्मी मॅटवर, निम्मी बाजूला. पायाकडचा फूटभर भाग आत दुमडा. आत शिरून बाजूची निम्मी अंगावर ओढा आणि मोकळी कड खांद्याशी व कमरेशी मोठ्या सेफ्टी पिनांनी अडकवा. थंडी खांद्यापाशी शिरते, तिथली पिन चुकवू नका. आडव्या अंगाच्या माणसाला ४ फूट रुंदी पुरत नाही, त्याने वरून जॅकेट टाकावं. टोचण्यावर उपाय म्हणजे जुनं सुती लुगडं दुमडून दोन कडा शिवायच्या. आत मऊ पिशवी होते आणि घोंगडीला घामही लागत नाही.

लांब पल्ल्याचा

माझं मत वेगळं आहे. तीन-चार दिवस स्वतःचा शिधा पाठीवर घेऊन डोंगररांगेतून सलग चालायचा रेंज ट्रेक असेल तर घोंगडी नको. जास्तीचा किलोभर रोज आठ तास गुडघ्यांवर येतो. हिमालयात शून्याखाली तर एकट्या घोंगडीवर विसंबणं धोक्याचं आहे. तिथे मोजून दिलेल्या तापमानाची स्लीपिंग बॅगच लागते. घोंगडी शोभते ती गाडी पायथ्याला लागते तिथे, सायकलवर, आणि गावातल्या देवळात उतरायचं असेल तेव्हा.

स्वयंपाक सांभाळणारी

चुलीजवळ बसायचं काम ज्याचं, त्याने घोंगडीच पांघरावी. ठिणगी पडली तर लोकर तिथेच काळी पडून विझते. नायलॉनच्या बॅगेला लगेच भोक पडतं आणि वितळलेलं कापड कातडीला चिकटतं. हरिश्चंद्रगड, कळसूबाई हा भाग अभयारण्याचा आहे, तिथे शेकोटी पेटवू नका.

पुन्हा सांगोल्याकडून, धुण्याबद्दल विचारलंत म्हणून

मशीन नको, गरम पाणी नको, सोडा आणि कपड्याची पावडर नको. ऊन पाणी आणि घासणं एकत्र आलं की तंतू एकमेकांत अडकतात आणि घोंगडी आटून नमद्यासारखी, म्हणजे दाबून केलेल्या लोकरीच्या जाड थरासारखी घट्ट होते. ती परत सैल होत नाही. रिठ्याचं गार पाणी घ्या, हाताने दाबून धुवा, पिळू नका. दोरीवर एका टोकाने टांगली तर ओल्या वजनाने लांबते. बाजेवर आडवी पसरा, सावलीत.

ट्रेकहून आल्यावर मात्र धुवू नका, नुसती झटकून दिवसभर हवेशीर ठेवा. कसर लागते ती घाम आणि अन्नाचे डाग राहिलेल्या जागी. डाग तेवढा ओल्या फडक्याने पुसा, एकदा कडक ऊन दाखवा, घडीत वाळलेला कडुनिंबाचा पाला घाला आणि सुती पिशवीत बांधा. प्लास्टिकच्या पिशवीत ठेवली की ओल आत कोंडते. आणि दर दोन महिन्यांनी घडी मोडून घाला. कसरीची अळी अंधाऱ्या, न हललेल्या घडीतच वाढते.