मदत हवी आहे: साओ पाउलो ते मानाउस, खिडकी डावीकडची की उजवीकडची?

नमस्कार मंडळी. ऑगस्टमध्ये आईला घेऊन ब्राझीलला जातेय. साओ पाउलोहून मानाउस हे साधारण चार तासांचं विमान आहे आणि शेवटचा बराच वेळ खाली ॲमेझॉनचं जंगल असतं. सीट आत्ताच निवडायची आहे.

मला मुख्य ओढ आहे ती नद्यांच्या संगमाची. मानाउसजवळ काळसर रिओ नेग्रो आणि गढूळ, मातकट सोलिमोइस एकत्र येतात, पण वेग, तापमान आणि घनता वेगळी असल्याने सुमारे सहा किलोमीटर न मिसळता शेजारून वाहतात. वरून ती रेघ आईला दिसावी, एवढीच इच्छा आहे. तिचं सारं आयुष्य कृष्णाकाठी गेलं, संगम म्हटलं की तिचे हात आपोआप जोडले जातात.

विमान वायव्येकडे जातं, म्हणजे सकाळचं ऊन उजवीकडून येणार. म्हणून डावी बाजू बरी वाटते. पण संगम शहराच्या पूर्वेला आहे, आणि उतरताना विमान कसं वळतं यावर सगळं अवलंबून. कुणी या मार्गाने गेलंय का? तुम्हाला कोणत्या बाजूने दिसला? पंखाच्या पुढची रांग घ्यावी की मागची? दुपारी ढग दाटतात म्हणून सकाळचंच विमान घेतेय, ते योग्य ना?