मदत हवी आहे: उद्या चॅनेलवाले गोठ्यावर येतायत, काय बोलावं?

गोठेवाला_संगमनेर
लवकर सांगा. उद्या सकाळी धारेच्या वेळेला चॅनेलची माणसं येणार आहेत. तो व्हिडिओ फिरल्यापासून पुण्याचे पाहुणे फोन करून विचारतात, "तुम्हीपण सुया टोचता का?" मला कॅमेऱ्यापुढं बोलायची सवय नाही. तोंडातून एक वाक्य वाकडं गेलं की तेवढंच दाखवतील. दूधवाल्यांची बाजू नीट कशी मांडायची? 'बोलूच नका' हे सांगू नका, हो म्हणून बसलोय.

चहाबाज
कुठला व्हिडिओ?

माजी_बातमीदार
दादा, अर्धीच गोष्ट सांगितलीत. व्हिडिओतला गोठा तुमचा की दुसऱ्याचा? नेमकं दिसतं काय? उद्याचं लाइव्ह आहे की रेकॉर्डिंग? गायी किती, दूध कुठं जातं?

डांगीप्रेमी
मूळ रोगावर बोला. एचएफ म्हणजे विलायती गायी विका आणि डांगी, गीर या देशी गायी पाळा. ए टू प्रथिनाचं दूध म्हटलं की लोक दारात येतात, मीडियाची गरजच नाही.

चहाबाज
@डांगीप्रेमी ऑगस्ट 2024 मध्ये एफएसएसएआयनं, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेनं, पाकिटावरून ए वन-ए टू काढा म्हणून सांगितलं आणि आठवड्याच्या आत ते मागं घेतलं. सरकारचंच ठरत नाही, ह्यांना कुठं त्यात ओढता?

गोठेवाला_संगमनेर
गोठा आमचाच. एक पोरगा 'आधुनिक गोठा दाखवतो' म्हणून आला होता, आम्ही चहापाणी केलं. एका गायीला दगडी, म्हणजे कासेची सूज, झाली होती. डॉक्टरांनी सडात औषधाची ट्यूब सोडली, ते त्यानं शूट केलं आणि वर लिहिलं 'पाहा, असं वाढवतात दूध'. दावणीला 14 गायी, दूध गावच्या संकलन केंद्रावर. लाइव्ह नाही, रेकॉर्डिंग. आता सांगा.

खटपट्या_वकील
नोटीस पाठवा. प्रेस कौन्सिलकडे तक्रार करा.

माजी_बातमीदार
@खटपट्या_वकील प्रेस कौन्सिलच्या कक्षेत छापील पेपर आणि वृत्तसंस्था येतात. यूट्यूबवाल्या पोराचं तिथं काय करणार?

लाल_वावर
बाइटनं काही होत नाही. जुलै 2018 ला दूध रस्त्यावर ओतलं, तेव्हा सरकारनं चार दिवसांत लिटरला 25 रुपये भाव कबूल केला. 2017 ला पुणतांब्यातून शेतकऱ्यांचा संप सुरू झाला, तेव्हा सगळी चॅनेलं आपणहून आली. दूध ओता, ते येतात.

कोथरूडकर
आणि ते ओतलेलं दूध बघूनच माझी आई म्हणाली होती, "ह्यांना कसली गरज?" तुमचं भावाचं म्हणणं आमच्यापर्यंत पोचलंच नाही, कॅन उपडा केलेला तेवढा दिसला.

लाल_वावर
आईंना खुराकाच्या गोणीचा भाव माहीत आहे का?

कोथरूडकर
नाही. तेच तर म्हणतोय, तो कोणी सांगितलाच नाही.

माजी_बातमीदार
भांडण बाजूला ठेवा, त्यांच्याकडे एकच रात्र आहे. दादा, अख्ख्या महाराष्ट्राच्या दूधवाल्यांची वकिली करू नका. 'कोणीच भेसळ करत नाही' म्हणालात की पुढच्या आठवड्यात कुठंतरी छापा पडतो आणि तुमचं वाक्य त्याच्या शेजारी लावतात. आपल्या गोठ्याचं बोला. वाक्यं आखूड ठेवा, कापायला जागा राहत नाही. 'आम्ही विष घालत नाही' असं तर अजिबात म्हणू नका, मथळ्यात 'विष' तेवढं उरतं. बोलण्यापेक्षा दाखवा जास्त. ती गाय, डॉक्टरांची चिठ्ठी, मग कॅन घेऊन केंद्रावर जा, फॅट-एसएनएफचं (दुधातली स्निग्धता आणि बाकीचे घन घटक मोजणारं) मशीन आणि हातात पडणारी पावती. 3.5 फॅट, 8.5 एसएनएफच्या खाली गेलं की पैसे कसे कापतात, हे पावतीवर बोट ठेवून सांगा. आणि 'दूध पाण्याच्या बाटलीपेक्षा स्वस्त' हे काढू नका, ऐकून कान किटलेत.

सडेतोड_ताई
आकडा जवळ ठेवा. 'देशातलं 68 टक्के दूध भेसळीचं' हे जे फिरतं, ते 2011 च्या सर्वेक्षणातलं. ते नमुने निकषात बसले नव्हते, त्यात मोठा वाटा पाणी घातल्याचा आणि एसएनएफ कमी असल्याचा. 2018 ला एफएसएसएआयनं देशभरातले 6,432 नमुने तपासले, आरोग्याला घातक भेसळ निघाली 12 मध्ये. पण त्याच अहवालात सुमारे 5.7 टक्के नमुन्यांत अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष जास्त होतं. ते बुरशी लागलेल्या पेंडीतून, चाऱ्यातून येतं. अहवाल पुढे कराल तर हाही प्रश्न येईल. पेंड कुठं ठेवता?

आणि एक विचारते, राग मानू नका. ट्यूब सोडल्यावर त्या गायीचं दूध केंद्रावर घातलं का?

गोठेवाला_संगमनेर
पेंड फळीवर, भिंतीपासून लांब. ट्यूबचं विचारायचं काय, सगळ्यांना माहीत असतं.

सडेतोड_ताई
सगळ्यांना नसतं. मला नव्हतं. घातलं की नाही?

गोठेवाला_संगमनेर
नाही हो ताई. औषध दुधात उतरतं, म्हणून डॉक्टरांनी सांगितले तेवढे दिवस वेगळं काढून ओतून दिलं, वासरालाही पाजलं नाही. वहीत लिहिलंय, कुठली गाय, कधीपासून कधीपर्यंत.

माजी_बातमीदार
अहो, मग हे आत्तापर्यंत का दाबून ठेवलंत! उद्या पहिलं हेच सांगा. वही कॅमेऱ्यासमोर उघडा, गायीच्या कानातला बिल्ला आणि वहीतला नंबर जुळतो ते दाखवा. आणि तुमचाही मोबाईल स्टँडवर लावून सगळं रेकॉर्ड करा, त्यांना आधी सांगून.

जनावरांचा_डॉक्टर
ऑक्सिटोसिनच्या सुईचं विचारतीलच. त्यानं गाय पान्हा सोडते, दूध वाढत नाही, कासेत असतं तेच उतरतं. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ते विकता येत नाही. पण हे तुम्ही सांगू नका, ज्यांनी ट्यूब सोडली त्या डॉक्टरांना उभं करा. शेतकऱ्यानं औषधाचं नाव अचूक घेतलं तरी लोकांना संशय येतो.

डांगीप्रेमी
डांगीला दगडी होत नाही.

जनावरांचा_डॉक्टर
होते. मी उपचार केलेत.

गोठेवाला_संगमनेर
डॉक्टर सातला येतो म्हणाले. केंद्रचालक मशीनजवळ शूटिंग नको म्हणतोय, त्याला वरून परवानगी लागते. पावती घरीच दाखवतो मग. ते भावाचं विचारलं तर बोलू का?

माजी_बातमीदार
विचारलं तरच. एक वाक्य, आणि परत वहीवर या.

नवीन_सभासद_77
विषय निघालाच आहे तर, मुरघासात (मुरवून ठेवलेल्या हिरव्या चाऱ्यात) गूळ घालावा का? मका जरा जास्त वाळलाय.