'तुमच्या मुलांना लस दिलीय ना, मग तुम्हाला भीती कसली?'

निळीशाई

परवा एका ओळखीच्या बाईंनी हे वाक्य ऐकवलं. 'माझ्या मुलाला लस द्यायची की नाही ते मी बघेन. तुमच्या मुलांना दिलीय ना, मग तुम्हाला भीती कसली?' तेव्हा मला उत्तर सुचलं नाही आणि ते मनाला लागून राहिलं. आता नीट लिहिते.

लस म्हणजे शरीराला आधीच दाखवून ठेवलेली शत्रूची ओळख. मेलेला किंवा दुबळा केलेला जंतू, नाहीतर त्याचा एखादा तुकडा आत जातो. दंडातल्या पेशी तो उचलून जवळच्या लसिका ग्रंथीत नेतात. तिथे लाखो पेशींमधून त्या तुकड्याशी जुळणाऱ्या मोजक्या पेशी निवडल्या जातात, त्या वाढतात आणि प्रतिपिंडं, म्हणजे जंतूला चिकटून त्याला अडवणारी प्रथिनं, बनवतात. काम झालं की बहुतेक मरतात, पण थोड्या स्मृतिपेशी म्हणून मागे राहतात. पुढे खरा जंतू आला की आठवडा-दोन आठवडे लागणारं काम त्या फार लवकर उरकतात.

इथवर हा ज्याचा त्याचा प्रश्न वाटतो. पण गोवर घ्या. प्रतिकारशक्ती नसलेल्या वस्तीत एक रुग्ण सरासरी 12 ते 18 जणांना गोवर देतो. तो खोलीतून निघून गेल्यावरही विषाणू हवेत दोन तासांपर्यंत टिकू शकतो. बऱ्याच देशांत गोवराची पहिली लस नवव्या महिन्यात किंवा वर्षाच्या आसपास देतात, म्हणजे त्याआधीचं बाळ उघडंच असतं. कर्करोगाचे उपचार चालू असलेल्या मुलाला ही जिवंत विषाणूची लस देताच येत नाही. आणि दोन्ही डोस घेऊनही शंभरात तिघांना संरक्षण मिळत नाही. या सगळ्यांच्या भोवती कुंपण घालायचं तर 95 टक्के लोकांनी लस घेतलेली असावी लागते. माझी भीती त्या बाळासाठी आहे, हे मला त्या बाईंना सांगायचं होतं.

सरळरेषा

तळमळ पोचली, पण सहमत नाही. शंका विचारली की लगेच अडाणी ठरवतात, म्हणून आधीच सांगतो, मी वाचून बोलतोय.

एक, गोवराचे मृत्यू श्रीमंत देशांत लस यायच्या कितीतरी आधीच घटले होते. श्रेय चांगलं अन्न, मोकळी घरं आणि स्वच्छ पाणी यांचं. दोन, नैसर्गिक आजाराने येणारी प्रतिकारशक्ती पक्की असते. उत्तर अटलांटिक समुद्रातल्या फेरो बेटांवर 1846 मध्ये गोवर आला तेव्हा 1781 च्या साथीत गोवर झालेले म्हातारे सुटले. 65 वर्षं टिकलेलं संरक्षण! तीन, विश्वास. 1955 मध्ये अमेरिकेत पोलिओच्या लसीच्या काही खेपांमध्ये विषाणू नीट मारलेलाच नव्हता. सुमारे 200 जणांना लकवा झाला, 10 जण गेले. त्या आईबापांनीही 'तज्ज्ञ सांगतात' म्हणूनच मुलांना नेलं होतं ना?

टिपकागद

सरळरेषा, तुमचे तिन्ही दाखले खरे आहेत, पण त्यांतून तुम्ही काढलेला अर्थ मला पटत नाही.

मृत्यू घटले, बरोबर. पण रुग्ण घटले नव्हते. अमेरिकेत 1963 ला लस येईपर्यंत दरवर्षी गोवराचे सुमारे पाच लाख रुग्ण नोंदले जायचे. चांगल्या अन्नामुळे आजारी मूल वाचायचं, पण आजार व्हायचाच. आणि हिबचं काय? या जिवाणूमुळे लहान मुलांना मेंदूज्वर व्हायचा, वाचलेल्यांपैकी कित्येकांना बहिरेपण यायचं. त्याची बाळांना चालणारी लस आली 1990 च्या सुमारास. तेव्हा अमेरिकेत नळाचं पाणी, गटारं, सगळं होतंच, तरी आजार होता. लस आल्यावर काही वर्षांत तो 99 टक्क्यांनी घटला. त्या काळात पाणी काही बदललं नव्हतं.

आता फेरो. म्हातारे सुटले हे खरंच, पण त्याची किंमत बघा. जेमतेम 7,800 वस्तीपैकी सुमारे 6,000 माणसं आजारी पडली आणि शंभराच्या वर गेली. शिवाय गोवर जाताना शरीराची जुनी ओळखवहीच फाडून नेतो. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात लस न घेतलेल्या मुलांची गोवराआधीची आणि नंतरची रक्तं तपासली, तर इतर रोगांविरुद्धची 11 ते 73 टक्के प्रतिपिंडं नाहीशी झालेली दिसली. लसीने असं होत नाही.

पाऊलवाट

मग साथीत लस घेतलेलेच जास्त आजारी पडले, अशा बातम्या येतात त्या खोट्या?

टिपकागद

खोट्या असतीलच असं नाही. हिशोब करून बघू. हजार मुलं, 980 जणांना दोन्ही डोस, 20 जणांना काहीच नाही. 980 चे तीन टक्के म्हणजे 29 मुलं उघडी राहिली आणि लस न घेतलेली 20. साथीने सगळ्या उघड्या मुलांना गाठलं तर 29 विरुद्ध 20. लस घेतलेले आजारी जास्त! पण 980 पैकी 29 आणि 20 पैकी 20, हे शेजारी ठेवून वाचा. जितके जास्त लोक लस घेतील तितकं हे चित्र आणखी उलटं दिसतं.

परिचारिका_रोजची

तिसऱ्या मुद्द्यावर मी बोलते, कारण रोज लस टोचणं हेच माझं काम आहे.

1955 चं प्रकरण घडलं आणि त्यानंतर लसी तपासायची पद्धतच कडक झाली. बाळांना जुलाब करणाऱ्या रोटा विषाणूच्या पहिल्या लसीमुळे क्वचित एखाद्या बाळाच्या आतड्यात आतडं शिरायचं. बाजारात येऊन वर्षभरात हे लक्षात आलं आणि 1999 मध्ये ती काढून घेतली. पुढच्या दोन लसी प्रत्येकी 60,000 हून अधिक बाळांवर तपासून मगच आल्या. धोका शून्य आहे असं मी कुठल्याच आईला सांगत नाही. ताप येईल, दंड दुखेल आणि फार क्वचित तीव्र ॲलर्जी येऊ शकते, म्हणून थोडा वेळ इथेच बसा, एवढं सांगते.

विश्वास डोळे मिटून ठेवू नका. अनेक लसींच्या कुपीवर एक छोटं वर्तुळ असतं आणि त्याच्या आत चौकोन. उष्णता लागत गेली की चौकोन काळवंडत जातो आणि पुन्हा कधीच उजळ होत नाही. चौकोन वर्तुळापेक्षा फिका असेल तर उष्णतेने कुपी बिघडलेली नाही. दोघांचा रंग सारखा झाला किंवा चौकोन जास्त गडद झाला की ती कुपी फेकायची. पालकांनी 'दाखवा' म्हटलं तर मी दाखवते आणि मला त्याचा राग येत नाही.

सरळरेषा

हे चौकोनाचं माहीत नव्हतं. धन्यवाद, ताई. हिबच्या मुद्द्यावरही माझ्याकडे उत्तर नाही.

पण सक्तीबद्दल माझं मत कायम आहे. इंग्लंडने 1853 मध्ये देवीची लस बाळांना सक्तीची केली, न ऐकणाऱ्यांना दंड केले. 1885 मध्ये लेस्टर शहरात हजारो लोक रस्त्यावर उतरले. शेवटी 1898 च्या कायद्यात पटत नसेल तर सूट मिळण्याची सोय करावी लागली. दंड करून विश्वास येत नाही.

निळीशाई

यात माझं भांडण नाहीच. सक्ती करा असं मी म्हटलेलं नाही. लपवाछपवीने तर आणखी नुकसान होतं. तोंडावाटे द्यायच्या पोलिओच्या लसीतला दुबळा विषाणू, लस न घेतलेल्या मुलांमध्ये फिरत राहिला तर क्वचित पुन्हा जोर धरतो आणि लकवा आणतो. हे सरळ सांगावं. म्हणूनच एप्रिल 2016 मध्ये त्या लसीतला दुसऱ्या प्रकारचा विषाणू जगभर काढून टाकला. पण हेही सांगावं, की असा विषाणू फिरतो तो लस कमी पोचलेल्या वस्तीतच. सगळ्यांना लस मिळालेली असेल तर त्याला जायला जागाच उरत नाही.

तुमचं लेस्टर मान्य, पण देवी 1980 मध्ये जगातून गेल्याचं जाहीर झालं ते रुग्ण शोधून, त्याला वेगळं ठेवून, आणि त्याच्या संपर्कातल्या प्रत्येकाला लस टोचून.

पाऊलवाट

ताई, एक विचारू? मुलीचा गोवराचा दुसरा डोस राहून गेलाय, दोन वर्षं झाली. आता पहिल्यापासून सुरुवात करायची का?

परिचारिका_रोजची

नाही. राहिलेला तेवढाच घ्यायचा. स्मृतिपेशी दोन वर्षांत पुसल्या जात नाहीत. गोवराचा दुसरा डोस मुख्यतः पहिल्याने ज्यांना संरक्षण मिळालं नाही त्यांच्यासाठी असतो, आणि तुमची मुलगी त्यातली आहे की नाही हे बाहेरून दिसत नाही. धनुर्वात, घटसर्पाचं वेगळं, तिथे प्रत्येक डोसाने संरक्षण चढत जातं. त्यामुळे जाताना कार्ड बरोबर न्या. आणखी काही राहिलं असेल तर त्याच वेळी दुसऱ्या दंडात देता येईल.