मार्बल्ड क्रेफिश: स्वतंत्र प्रजाती की फॅलॅक्सचाच क्लोन?

नांगी
मार्बल्ड क्रेफिश, म्हणजे गोड्या पाण्यातला कोळंबीसारखा पण नांग्या असलेला प्राणी, याला २०१७ साली फ्रांक लिको यांनी प्रोकॅम्बारस व्हर्जिनॅलिस हे स्वतंत्र प्रजातीचं नाव दिलं. हे नाव द्यायला नको होतं, असं माझं मत आहे. कारणं मांडतो, विरोधी मतं जरूर यावीत.

पार्श्वभूमी थोडक्यात. १९९०च्या दशकाच्या मध्यावर हा प्राणी जर्मनीतल्या मत्स्यालयांच्या बाजारात दिसू लागला. सगळ्याच्या सगळ्या माद्या, आणि नराशिवाय अंडी. २००३ मध्ये शोल्त्झ आणि सहकाऱ्यांनी अनिषेकजनन सिद्ध केलं. २०१० मध्ये मार्टिन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की हे फ्लोरिडा आणि दक्षिण जॉर्जियातल्या प्रोकॅम्बारस फॅलॅक्स या क्रेफिश प्रजातीचंच रूप आहे. तेव्हा त्याला 'फॉर्मा व्हर्जिनॅलिस' (फॉर्मा म्हणजे प्रजातीतलं एक रूप) म्हटलं गेलं. ते पुरेसं होतं.

पहिला आक्षेप शरीररचनेचा. या कुळातली ओळख प्रजननक्षम नराच्या पहिल्या पोटपायांच्या जोडीवर, म्हणजे जननपादांवर उभी असते. त्यांच्या टोकाचे काटे आणि वळणं पाहिल्याशिवाय ओळखतक्ता पुढे सरकतच नाही. इथे नरच नाही. मादीची शुक्राणू साठवायची जागा, अॅन्युलस व्हेंट्रॅलिस, पाहावी तर ती घंटेच्या आकाराची, मधे इंग्रजी एस अक्षरासारखी खाच. फॅलॅक्सची अगदी अशीच. मग वर्णनात 'भेद' म्हणून लिहायचं काय?

दुसरा आक्षेप ठिकाणाचा. नामकरणाच्या संहितेनुसार माणसाने हलवलेल्या प्राण्याचं मूळ ठिकाण म्हणजे तो, किंवा त्याचा रानातला पूर्वज, जिथून निघाला ती जागा. ती जागा नाव देताना कुणाला बोट ठेवून दाखवता आली नव्हती.

तळठाव
नांगीदादा, शरीररचनेत फरक नाही हे मान्य. पण प्रजाती म्हणजे फक्त भिंगाखाली दिसणारा फरक नव्हे. फॅलॅक्सचे नर आणि मार्बल्ड माद्या एकत्र ठेवल्या तर समागम होतो, पण पिल्लं निघतात ती सगळी निव्वळ आईची प्रत. बापाचा वाटा शून्य. दोघांत जनुकांची देवाणघेवाण होतच नाही. याहून पक्की भिंत कुठली?

आणि गुणसूत्रं मोजा. फॅलॅक्समध्ये १८४, मार्बल्डमध्ये २७६. म्हणजे तीन संच, त्रिगुणित. २०१८ मध्ये जीनोम वाचला तेव्हा तीन प्रतींपैकी दोन जवळपास सारख्या आणि तिसरी वेगळी निघाली. फॅलॅक्सच्याच, पण एकमेकांपासून दूरच्या दोन प्राण्यांच्या संकरातून ही वंशवेल निघाल्याची ती खूण. वाढही वेगळी. मार्बल्ड मोठा होतो आणि मोठी मादी एका खेपेला सातशेवर अंडी पोटाखाली बाळगते.

'फॉर्मा'चं म्हणाल तर ते नाव संहितेत टिकतच नाही. १९६० नंतर फॉर्मा म्हणून दिलेलं नाव उपप्रजातीच्याही खालचं धरलं जातं, त्याला नामकरणात उभं राहता येत नाही. म्हणून लेखक आणि साल 'लिको, २०१७' असंच लिहावं लागतं, २०१० नाही.

नांगी
संहितेचा मुद्दा बरोबर, तो मी मागे घेतो. पण गुणसूत्रांचा घेत नाही. उद्या फॅलॅक्सच्या दुसऱ्या एखाद्या तळ्यात पुन्हा अशीच त्रिगुणित मादी निघाली तर? तिचा वंश पहिल्यापासून स्वतंत्र. तिला वेगळं नाव की हेच? हेच दिलं तर नावाखाली दोन असंबंधित वंशवेली येतात. वेगळं दिलं तर प्रत्येक अपघाताला एक प्रजाती.

शेवाळ
तो प्रसंग घडेल तेव्हा पाहू. आज जगभर मिळालेल्या मार्बल्डचा मायटोकॉन्ड्रियाचा जीनोम एकच आहे, म्हणजे उगम एकच. आणि अशी नावं पूर्वीपासून दिलेली आहेत. पोएसिलिया फॉर्मोसा हा सर्व-मादी मासा १८५९ पासून प्रजाती म्हणून नांदतोय, आणि त्याला तर अंडं सुरू करायला दुसऱ्या जातीच्या नराचे शुक्राणूही लागतात.

भिंग
नाव काहीही असो, चुकीची ओळख कशी होते ते आधी पाहू. वाद अनेकदा इथेच भरकटतो.

रंगावर कधीही जाऊ नका. एकाच मादीची, एकाच टाकीत, एकच खाणं खाऊन वाढलेली पिल्लं संगमरवरी नक्षीत आणि आकारात चक्क वेगळी दिसतात. जनुकं तीच, नक्षी निराळी. म्हणून 'माझ्याकडे निळा आहे' हा पुरावा नव्हे.

'एकटी ठेवली तरी अंडी दिली' हेही पुरेसं नाही. या कुळातल्या माद्या शुक्राणू अॅन्युलसमध्ये महिनोन्‌महिने राखून ठेवतात. दुकानातून आणलेल्या प्रौढ मादीची अंडी म्हणजे जुन्या समागमाचीही असू शकतात. पिल्लं आईपासून सुटताच एकेक वेगळ्या डब्यात घाला, तशीच प्रौढ होऊ द्या, मगच अंड्यांना अर्थ. अनेक माद्यांत हे घडलं आणि एकही नर निघाला नाही, तर अनिषेकजनन म्हणता येईल. उलट एका गटात एक जरी नर दिसला, पहिले पोटपाय ताठ होऊन पुढे वळलेले आणि चालायच्या पायांच्या बुडाशी आकडे, तर तो गट निखळ मार्बल्डचा नाही.

डीएनएत फक्त सीओआय हा ओळखीसाठी नेहमी वापरला जाणारा जनुकाचा तुकडा बघू नका. तो फॅलॅक्सच्या इतका जवळ येतो की काही अक्षरांच्या फरकावर निकाल द्यावा लागतो. मायक्रोसॅटेलाइट, म्हणजे डीएनएतल्या पुन्हापुन्हा येणाऱ्या छोट्या तुकड्यांची चाचणी, लावा: पीसीएलजी-०२ या जागेवर तीन अॅलील, म्हणजे त्या तुकड्याची तीन वेगळी रूपं, दिसली तर त्रिगुणित. दोनच संच असलेल्या प्राण्यात एका जागी तीन अॅलील येणारच नाहीत.

जतन करताना एक चूक फार होते. आख्खा प्राणी ९५ टक्के इथेनॉलमध्ये टाकला की त्याच्या अंगातलं पाणी अल्कोहोल पातळ करतं आणि आतलं मांस कुजतं. नमुन्याच्या दहापट द्रव घ्या, कवच आणि पोट यांच्या सांध्यात सुईने भोक पाडा, २४ तासांनी अल्कोहोल बदला. पायाचा मांसाचा तुकडा त्याआधीच वेगळ्या कुपीत. फॉर्मॅलिन वापरलं तर डीएनए हातचा गेला समजा. रंगाचा फोटो जिवंतपणीच, कारण अल्कोहोलमध्ये लाल रंग झपाट्याने उतरतो.

तळठाव
भिंग, हे धाग्यावर वर चिकटवून ठेवावं इतकं कामाचं आहे. आणि याच मुद्द्यामुळे नाव हवं असं मी म्हणतो. २०१६ मध्ये युरोपीय संघाच्या आक्रमक प्रजातींच्या पहिल्या यादीत हा प्राणी 'प्रोकॅम्बारस फॅलॅक्स फॉर्मा व्हर्जिनॅलिस' म्हणून आला. सीमेवरच्या तपासनिसाला 'फॅलॅक्स' एवढंच दिसलं तर तो फ्लोरिडातला साधा फॅलॅक्स धरणार की हा? मादागास्करमध्ये हाच पसरतोय, बाजारात खाण्यासाठी विकला जातोय, आणि तिथले फक्त तिथेच सापडणारे अस्टॅकॉइडिस क्रेफिश धोक्यात आहेत. एका मादीने वसाहत उभी राहते, ही गोष्ट फॅलॅक्सला लागू नाही. धोका वेगळा तर नाव वेगळं.

नांगी
धोका वेगळा म्हणून प्रजाती वेगळी, हा उलटा तर्क आहे. यादीत नाव नीट यावं म्हणून वर्गीकरण बदलायचं नसतं. यादीतच 'अनिषेकजनन करणारी त्रिगुणित वंशवेल' असं लिहा, तपासनिसाला पीसीएलजी-०२ची चाचणी द्या.

ओहोळ
आपल्याकडची बाजू. भारताच्या नद्यांत मूळचा क्रेफिश एकही नाही. ती जागा आपल्याकडे गोड्या पाण्यातले खेकडे भरतात, आणि तिथेही नव्या प्रजातीचं वर्णन नराच्या जननपादावरच टेकलेलं असतं. सह्याद्रीतला घाटियाना वंश २०१४ मध्ये मांडला गेला, तेव्हापासूनच्या वर्णनांची रेखाचित्रं उघडून पाहा: पहिला जननपाद बाजूने, समोरून, टोक मोठं करून. त्यामुळे नांगीदादांची अडचण मला समजते. नराशिवाय वर्णन लिहायचं म्हणजे आपल्या हातातलं मुख्य हत्यार काढून घेण्यासारखंच.

तरीही मत तळठावच्या बाजूला. भेदात 'नर अस्तित्वात नाहीत, २७६ गुणसूत्रं, फॅलॅक्सशी संकर होत नाही' असं लिहिता येतं आणि दुसऱ्या प्रयोगशाळेत ते तपासताही येतं. संहिता शरीररचनेचीच अट घालत नाही. भेद शब्दांत मांडायला सांगते. मूळ ठिकाणाचा आक्षेप मात्र अजून उभा आहे, त्याचं उत्तर इथे कुणी दिलेलं नाही.

शेवाळ
मूळ ठिकाण अज्ञात असल्याने नाव अवैध ठरत नाही, इतकं नक्की. ते अज्ञात असल्याचं वर्णनात लिहायचं, आणि होलोटाइप, म्हणजे ज्या नमुन्यावर नाव टेकलेलं असतं तो, कुठल्या संग्रहात, कुठल्या क्रमांकाने ठेवला ते द्यायचं.

नांगी
वैध आहे हे मान्यच. माझा आक्षेप वैधतेवर नाही, शहाणपणावर आहे. फॅलॅक्सच्या सगळ्या तळ्यांतले नमुने तपासून तो नेमका कुठल्या गटातून निघाला हे कळल्यावर नाव दिलं असतं, तर ठिकाणाची ती ओळ रिकामी राहिली नसती.