सोयाबीनवर पिवळ्या दोऱ्याचं जाळं पसरतंय, हे काय आहे? (औसा, जि. लातूर)

राम राम मंडळी. सोयाबीन 35 दिवसांचं आहे. एका कोपऱ्यात अर्ध्या गुंठ्यावर पिवळट-नारंगी दोऱ्याचा गुंता झालाय. पानं नाहीत, मूळही सापडत नाही. ओढलं की तुटतं, चार दिवसांत पुन्हा तेवढंच. मागच्या साली तिथं लसूणघास होता. उद्या कोळपं घालायचं आहे, घालू का?

उत्तर: दादा, त्या भागात कोळपं अजिबात घालू नका. ही अमरवेल. बोरी-बाभळीवरची जाड वेल वेगळी, ही पिकावरची बारीक जात. खात्री करायची तर दोरा सोयाबीनच्या खोडावरून हळूच सोडवून बघा, आतल्या बाजूला बारीक गाठी दिसतील. त्या खोडात घुसून रस ओढतात. उगवताना मूळ असतं, पीक धरलं की ते वाळून जातं. गाठीपाशी राहिलेला तुकडा पुन्हा फुटतो, आणि कोळप्याला अडकून गेलेला तुकडा पुढच्या ओळीत दुसरं झाड धरतो.

बी बहुतेक लसूणघासातूनच आलं. दोन्हींचं बी जवळपास एकाच आकाराचं, साध्या चाळणीनं वेगळं होत नाही.

प्रश्नकर्ता: फवारणी चालेल का? दोन-तीन ठिकाणी पांढऱ्या फुलांचे झुबके दिसतायत.

उत्तर: चिकटल्यावर फवारून सोयाबीन वाचत नाही. ग्लायफोसेट हे तणनाशक मारलं तर आधी पीकच जाईल. फुलं आलीत म्हणजे आजच हात घाला. गुंत्याच्या कडेपासून तीन फूट बाहेरपर्यंतचं सोयाबीन, चांगलं दिसलं तरी, जमिनीलगत कापा. ओढत नेऊ नका, ताडपत्रीवर घेऊन तिथंच वाळवून जाळा. जनावराला घालू नका, उकिरड्यावरही नको. बी शेणातून परत रानात येतं. आठ-आठ दिवसांनी तो तुकडा तपासत राहा.

दुसरं उत्तर: रब्बीला त्या पट्ट्यात हरभरा टाळा, त्यावरही ही चढते. ज्वारी घ्या, तिच्यावर ही जगत नाही. मात्र ज्वारीत रुंद पानांचं तण राहिलं तर त्यावर तग धरते. बी जमिनीत दहा वर्षंही टिकतं आणि एकदम उगवत नाही, म्हणून एका हंगामात सुटका नाही. पुन्हा सोयाबीन घ्याल तेव्हा पेरणीनंतर 48 तासांत, ओल असताना, पेंडीमिथॅलिन 30 ईसी हे तणनाशक एकरी 1 ते 1.3 लिटर 200 लिटर पाण्यातून मारा. उशिरा उगवणारी त्यातूनही सुटते, तेव्हा नजर हवीच.

या रानाचं सोयाबीन बियाण्याला ठेवू नका. या कोपऱ्यालगतचं उरलेलं पीक शेवटी मळा आणि मळणी यंत्र तिथंच झाडून मग बाहेर काढा.