मदत हवी: शून्यावर पडलेला गडी दर वेळी लगेच उठतो

मंडळी, डंजन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकून खेळायच्या भूमिका-खेळाची पाचवी आवृत्ती (२०१४ चे नियम) खेळतोय, डीएम (खेळ चालवणारा, राक्षसांच्या चाली करणारा) मीच.

आमच्या क्लेरिककडे (देवाच्या शक्तीने मंत्र टाकणारं पात्र) हीलिंग वर्ड हा बरं करायचा मंत्र आहे. बोनस अ‍ॅक्शन (मुख्य चालीशिवायची छोटी चाल), ६० फुटांवरून चालतो. फायटर (लढवय्या) शून्य हिट पॉइंटवर (किती जीव उरला ते मोजणारे गुण) आडवा झाला की ही बया लांबूनच मंत्र टाकते, पाच-सहा हिट पॉइंट मिळतात आणि गडी पुन्हा उभा. डेथ सेव्हचे (पडलेला जगतो की मरतो ते ठरवणारे फासे, तीन फेल म्हणजे मेला) फेल सगळे पुसले! हिट पॉइंट शून्याखाली मोजतच नाहीत, त्यामुळे जागीच मेला नसेल तर ओगर राक्षसाचा दणका ३ चा असो की २०चा, उठवायला खर्च तोच. मग आधी बरं कशाला करायचं? पडू दे, मग बघू. कबड्डीतही बाद गडी जिवंत करायला समोरचा एक मारावा लागतो, इथे तेवढंही नाही.

पडलेल्यावर राक्षसाने वार करावा म्हटलं, तर पाच फुटांच्या आतला वार लागला की क्रिटिकल (जबर वार), म्हणजे थेट दोन फेल. ग्रुपमध्ये एक नवखी आहे, तिच्यावर हे करवत नाही.

शून्यावर गेलं की एक्झॉशनची (थकवा) एक पातळी, हा घरगुती नियम माहीत आहे. पण तिसऱ्या पातळीला हल्ल्यावरही डिसअ‍ॅडव्हान्टेज (दोन फासे टाकून कमी आकडा धरायचा), आणि लाँग रेस्टला (रात्रभराची विश्रांती) एकच पातळी उतरते. फारच जाच वाटतो.

पाथफाइंडर या अशाच खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीतल्या वूंडेडसारखं (एकदा पडून उठलेला पुढच्या वेळी मरणाच्या जास्त जवळ असतो) काही इथे बसवता येईल का? म्हणजे उठलं तरी फेल लाँग रेस्टपर्यंत तसेच ठेवायचे. कुणी असं खेळलंय का? क्लेरिक मग नुसती मलमपट्टीच करत बसते का?