मदत हवी आहे : नाकातल्या टर्बिनेटसाठी कोणती शस्त्रक्रिया करून घ्यावी?

मी सोलापुरात टॉवेलच्या यंत्रमागावर काम करतो. जुनाट सायनसायटिस आहे. रात्री कूस बदलली की खालच्या बाजूची नाकपुडी पूर्ण बंद होते. सहा महिने स्टिरॉइडचा स्प्रे मारला, मिठाच्या पाण्याने नाक धुतले, पण आराम तात्पुरताच मिळाला. सीटी स्कॅनमध्ये नाकाचा पडदा सरळ असून पॉलिप (नाकातले मऊ कोंब) नाहीत, मात्र खालच्या टर्बिनेटचे (नाकाच्या आत बाजूच्या भिंतीवरच्या, मऊ आवरण असलेल्या हाडाच्या उंचवट्याचे) हाडही जाड दिसते. एका डॉक्टरांनी रेडिओफ्रिक्वेन्सी (विद्युतलहरींच्या उष्णतेने टर्बिनेट आकसवणे) सुचवली, तर दुसऱ्यांनी सायनसच्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेसोबतच मायक्रोडिब्रायडरने (फिरत्या पात्याच्या उपकरणाने) टर्बिनोप्लास्टी, म्हणजे टर्बिनेट आतून कोरून लहान करणे. पहिलीत आतला मऊ भाग आकसतो, हाड तसेच राहते, आणि माझी खरी शंका तिथेच आहे. टर्बिनेट पूर्ण काढायला, नाक कायमचे कोरडे पडण्याच्या भीतीने, माझी तयारी नाही. हाड जाड असताना केवळ रेडिओफ्रिक्वेन्सी केलेल्यांचा आराम दोन-तीन वर्षे टिकला का, आणि टर्बिनोप्लास्टीनंतर नाकात खपल्या धरणे थांबून सुताच्या धुळीत कामावर केव्हा परतता आले?